रोजचे पाच शब्द जातात कुठे?

मराठी शाळेचा परिपाठ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा भाग ओळखीचा असेल. प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला, दिनविशेष झाला की एक मूल पुढे येतं आणि त्या दिवसाचे इंग्रजी शब्द सांगतं. आधी शब्द, मग स्पेलिंग, मग मराठी अर्थ. बाकीची शाळा मागोमाग म्हणते. वर्गात गेल्यावर तेच शब्द फळ्याच्या कोपऱ्यात असतात, तिथून ते वहीत उतरतात आणि घरी पाठ करायचे असतात. कुठे तीन, कुठे दहा, पण रोज पाच हा आकडा बऱ्याच ठिकाणी रुळलेला आहे. पालकांनाही तो आवडतो, कारण तो मोजता येतो.

मग मोजूनच पाहू. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस भरली पाहिजे, सहावी ते आठवीची २२० दिवस. दोनशे दिवस रोज पाच म्हणजे वर्षाला हजार शब्द, दहावीपर्यंत दहा हजार. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी शब्दसंग्रह या एकाच विषयाला सारं आयुष्य दिलं. इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं यायला हवीत, असा अंदाज त्यांनी २००६ मध्ये मांडला. 'प्ले', 'प्लेड', 'प्लेइंग' ही सगळी एका कुळातली. या मापाने आपल्या दहावीच्या मुलाला इंग्रजी वर्तमानपत्र सहज वाचता यायला हवं. प्रत्यक्षात 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्यं वाचता आली, आणि त्यातल्याही साधारण तीन चतुर्थांश मुलांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे शंभरातल्या निम्म्याहून अधिक मुलांना वाक्य वाचून त्याचा अर्थ सांगता येत नाही. ही अनेक राज्यांतली पाहणी असली, तरी आपल्याकडच्या शिक्षकांना ती परकी वाटणार नाही.

मुलं लक्ष देत नाहीत, शिक्षकांचंच इंग्रजी कच्चं आहे, अशी उत्तरं लगेच दिली जातात. मला ती पटत नाहीत. एवढी वर्षं, एवढ्या वह्या, एवढं पाठांतर करूनही शब्द राहत नसतील, तर दोष शब्द शिकवण्याच्या रीतीत शोधायला हवा.

ही रीत जुनी आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली. पण शाळकरी मुलाच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या राहिली ती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. आधी नियम, मग शब्द, मग त्या शब्दांची वाक्यं, इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत. आज ती जुनाट म्हणून बाजूला पडली आहे. तिची वाक्यं ठोकळेबाज होती हे खरंच, पण दिलेला शब्द मुलाला तिथल्या तिथे वाक्यात वापरावा लागे. पुढे आपण भाषांतर सोडलं आणि यादी तेवढी ठेवली. माझ्या मते यात वाईट ते राहिलं आणि बरं ते गेलं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही काळ इंग्रजी आठवीपासून शिकवलं जाई, मग ते पाचवीवर आलं, आणि रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० सालच्या जूनपासून पहिलीला सुरू झालं. सेमी इंग्रजीचे वर्ग गावोगाव निघाले. २०२२ पासून पहिलीच्या मुलांना बालभारतीचं एकात्मिक द्विभाषिक पुस्तक मिळू लागलं. वर्षं वाढली, तास वाढले, पुस्तकं देखणी झाली. शब्द मात्र अजून यादीतूनच येतात.

या रीतीची सगळ्यांत नेमकी चिकित्सा आपल्याच उपखंडात झाली होती, आणि तिला आता शंभर वर्षं होतील. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ १९२० च्या दशकात ढाक्यात शिक्षकांना प्रशिक्षण देत असत. बंगालमधली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात, तरी त्यांना साधं पुस्तक वाचता येत नाही, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी मुलांच्या हातातली वाचनमाला तपासली. तिच्यात जुन्या साहित्यातले दुर्मीळ शब्द खच्चून भरले होते आणि एका धड्यात भेटलेला शब्द पुढे भेटतच नसे. वेस्ट यांनी नेहमीच्या वापरातले शब्द निवडले, ते गोष्टींमध्ये थोडे थोडे पेरले आणि प्रत्येक शब्द पुढच्या पानांवर पुन्हापुन्हा येईल अशी व्यवस्था केली. त्यातून 'न्यू मेथड रीडर्स' ही वाचनमाला तयार झाली. १९३५ मध्ये त्यांचा एक कोश आला. त्यात सुमारे २४ हजार नोंदींचे अर्थ अवघ्या १४९० सोप्या शब्दांत सांगितले होते. १९५३ साली त्यांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' प्रसिद्ध झाली. इंग्रजीतल्या सर्वाधिक उपयोगी अशा सुमारे दोन हजार शब्दांची ही यादी पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तककारांनी वापरली.

या दोन हजार शब्दांचं मोल किती? साधारण इंग्रजी मजकुरातले ८० टक्के शब्द तेवढ्यात येतात. उरलेल्या २० टक्क्यांसाठी मात्र हजारो शब्द लागतात, कारण ते एकेक करून क्वचित भेटतात. मजकूर आरामात समजायचा तर पन्नास शब्दांमागे एखादाच अनोळखी चालतो, असं नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं. तेव्हा पहिले दोन हजार शब्द पक्के असणं ही निम्मी लढाई आहे, आणि आपली मुलं हरतात ती तिथेच. परिपाठातल्या शब्दांची यादी कुठून येते ते पाहा. कोशाच्या पहिल्या पानापासून ओळीने घेतलेली असते, किंवा प्राणी, फुलं, अवयव अशी विषयवार. सहावीतल्या मुलाला 'हिपोपोटॅमस'चं स्पेलिंग न अडखळता येतं, पण 'इनफ', 'इन्स्टेड', 'अनलेस' हे शब्द वाक्यात आले की तो थांबतो. पाणघोडा त्याला वर्षातून एकदाही भेटणार नाही. 'इनफ' प्रत्येक धड्यात भेटेल.

दुसरीकडे, मुलाच्या पदरात आधीच असलेले शब्द आपण हिशेबात धरत नाही. शेतकऱ्याच्या घरचं मूल मोटर, स्टार्टर, व्हॉल्व्ह, बोअर, फ्यूज हे शब्द शाळेत येण्याआधीपासून वापरतं. एसटी, बाजार, दवाखाना, मोबाईल यांच्याबरोबर आलेले आणखी शेकडो असतात. ते मराठी म्हणूनच त्याच्या कानावर पडलेले असतात. पहिलीच्या वर्गात वर्षाची सुरुवात या शब्दांच्या गोळाबेरजेने केली, तर इंग्रजी ही सर्वस्वी परकी वस्तू नाही हे मुलाला पहिल्याच आठवड्यात कळेल. स्पेलिंग शिकायलाही हेच शब्द सोयीचे, कारण अर्थाचं ओझं नसतं.

सेमी इंग्रजीच्या वर्गात निवडीचा हा प्रश्न आणखी टोकदार होतो. गणित-विज्ञान इंग्रजीतून म्हटलं की सगळ्यांना पारिभाषिक शब्दांची धास्ती वाटते. 'डिनॉमिनेटर', 'फोटोसिंथेसिस' हे शब्द शिक्षक फळ्यावर लिहितात, आकृती काढतात, परीक्षेला येतात म्हणून घोटून घेतात. ते मुलांना येतात. अडतं दुसरीकडे. पाचवी-सहावीच्या धर्तीचं एक साधं उदाहरण घ्या: 'अ शॉपकीपर हॅड टू हंड्रेड ॲपल्स. ही सोल्ड थ्री-फोर्थ्स ऑफ देम. हाउ मेनी आर लेफ्ट?' दोनशेचे तीन चतुर्थांश काढता येणारं मूल इथे शेवटच्या शब्दापाशी अडतं, कारण 'लेफ्ट' म्हणजे डावा एवढंच त्याला शिकवलेलं आहे. 'ईच', 'अल्टुगेदर', 'ॲट लीस्ट', 'हेन्स', 'कम्पेअर', 'रिमेनिंग' हे शब्द भाषेच्या तासाला कोणी घेत नाही, कारण ते धड्यात नसतात. गणिताच्या तासाला कोणी घेत नाही, कारण ते गणित नाही. अमेरिकेत इसाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मधल्या पुस्तकात नेमका या मधल्या थरावर बोट ठेवलं. रोजच्या बोलण्यातले शब्द आपोआप येतात, विषयाच्या परिभाषेला तो विषय सांभाळतो, आणि सगळ्या विषयांत लागणारे मधले शब्द मात्र निराधार राहतात. त्यांचा विचार इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांपुरता होता. आपल्या सेमीच्या वर्गाला तो कितीतरी अधिक लागू पडतो.

आता पाठांतराकडे येऊ. सहावीतल्या एका मुलीची शब्दांची वही मी नीट पाहिली. चार रकाने आखलेले: शब्द, उच्चार, अर्थ, वाक्य. अक्षर सुबक, प्रत्येक पानाखाली लाल शाईची बरोबरची खूण. शब्द चांगले निवडलेले होते. पण एकदा पान उलटलं की त्या पानावरचा शब्द पुढे वहीभर कुठेही नाही. अर्थाचा रकाना हाताने झाकून मी तिला विचारत गेलो. चालू आठवड्यातले शब्द तिने पटापट सांगितले, मागच्या महिन्यातले थोडे आठवले, त्याआधीची पानं तिच्यासाठी कोरीच होती. मुलगी हुशार आहे आणि मन लावून अभ्यास करते. तिला जुनी पानं पुन्हा कोणी विचारलीच नव्हती.

स्मरणशक्तीच्या शास्त्राला ही गोष्ट १८८५ पासून ठाऊक आहे. जर्मनीत हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवर प्रयोग केले आणि दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्याने विरतं, आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांचं अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. त्याहून महत्त्वाचा धडा २००८ सालच्या एका प्रयोगातला आहे. अमेरिकेत कार्पिकी आणि रोडिगर यांनी विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. एकदा आलेला शब्द काहींना पुन्हापुन्हा विचारला गेला. काहींना तो पुन्हापुन्हा नुसता वाचायला दिला, विचारला नाही. त्या दिवशी सगळ्यांना सगळे शब्द येत होते. आठवड्याने विचारलं तेव्हा पहिल्यांना सुमारे ८० टक्के आठवले, दुसऱ्यांना चाळीस टक्केही नाहीत. आपल्याला किती आठवेल, याचा विद्यार्थ्यांचा स्वतःचा अंदाज मात्र सगळ्या गटांत सारखाच होता. नजरेखालून दहा वेळा घातलेला शब्द आपल्याला आला असं वाटतं, आणि तो आलेला नसतो. चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आणा, ही शिक्षा म्हणूनच वाया जाते. दुसऱ्या वेळेपासून मूल वरच्या ओळीतून उतरवत असतं, आठवत काहीच नसतं. पाहा, झाका, आठवून लिहा, उघडून तपासा, असं तीनदा केलं तरी जास्त पदरात पडतं.

याला खर्च लागत नाही. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात जर्मनीत लोकप्रिय केलेली खोक्याची पद्धत आपल्या कुठल्याही वर्गात बसते. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापायचे, एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि छोटं वाक्य. चपलांच्या खोक्याचे पुठ्ठ्याने पाच कप्पे करायचे. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात जाते आणि ती रोज विचारायची. बरोबर आली की दुसऱ्यात, तो कप्पा दोन-तीन दिवसांनी काढायचा. तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. चुकली की ती चिठ्ठी पुन्हा पहिल्या कप्प्यात. जोडीजोडीने मुलं हे आपापलं करतात, शिक्षकाला फक्त फिरत राहावं लागतं. मोबाईलवरचं 'अँकी' हे ॲप हेच काम गणिताने करतं. कॉलेजच्या मुलांना ते उत्तम आहे, प्राथमिक शाळेला खोकं पुरे. तयार याद्यांच्या बाकीच्या ॲप्सबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. त्यातले बहुतेक शब्द आपल्या मुलांच्या पुस्तकात भेटतच नाहीत.

आणखी एक समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. सगळे रंग एकदम, सगळी फळं एकदम, सगळे वार एकदम, असे गटाने शब्द शिकवणं आपल्याला अगदी स्वाभाविक वाटतं. थॉमस टिंकहॅम यांच्या १९९३ च्या प्रयोगांत मात्र एकाच गटातले नवे शब्द एकदम शिकायला जास्त वेळ लागला, कारण ते एकमेकांत मिसळतात. याची साक्ष प्रत्येक प्राथमिक शिक्षक देईल. 'ट्यूजडे' आणि 'थर्सडे' यांची गल्लत पाचवीपर्यंत पुरते. 'लेफ्ट' आणि 'राइट' एका दिवशी शिकवले की कुठला कुठला हे वर्षभर नक्की होत नाही. एक आज पक्का करावा, दुसरा पुढच्या आठवड्यात आणावा. गटवारी शब्द आल्यानंतर करावी. एका कुळातल्या शब्दांचं मात्र उलट आहे. 'काइंड', 'काइंडनेस', 'अनकाइंड' एकत्र शिकवले की एकमेकांना धरून राहतात. मोठेपणा, वेडेपणा यांतला 'पणा' ज्या मुलाला कळतो, त्याला 'नेस' समजावायला एक मिनिट पुरतं.

स्पेलिंगसाठी मराठी मुलांनी स्वतःच एक युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली आहे. 'नॉलेज' लिहिताना मनात 'कनोवलेडगे' म्हणायचं, 'वेन्सडे' लिहिताना 'वेडनेसडे'. पुष्कळ शिक्षक यावर रागावतात. मला ही युक्ती शहाणपणाची वाटते. ज्या लिपीत लिहिलेलं अक्षर न् अक्षर उच्चारलं जातं, त्या लिपीत वाढलेलं मूल इंग्रजीच्या मूक अक्षरांना असंच पकडणार. अट एकच, खरा उच्चार आधी कानावर पक्का बसलेला असावा. नाहीतर मनातला उच्चारच तोंडात येतो.

मराठी अर्थ सांगावा की नाही, यावर शिक्षकांच्या प्रशिक्षणात अजून वाद होतात. शब्द पहिल्यांदा भेटतो तेव्हा मराठीतला अर्थ हा सर्वांत जलद आणि स्वच्छ मार्ग आहे, आणि तो नाकारण्यात मुलाचा तोटाच आहे. 'बिकॉज'चं चित्र काढता येत नाही, 'कारण' म्हटलं की संपलं. मात्र मराठी अर्थावर थांबणंही पुरेसं नाही. मराठीत आपण अभ्यास करतो आणि चूकही करतो. इंग्रजीत 'होमवर्क'ला 'डू' लागतं आणि 'मिस्टेक'ला 'मेक'. म्हणून चिठ्ठीवर सुटा शब्द लिहिण्यापेक्षा त्याची जोडी लिहावी. कोश पाहायला शिकवणं हे वेगळं काम आहे आणि ते शाळेत जवळपास होतच नाही. मूल पहिला अर्थ उतरवून घेतं आणि वाक्य बिघडतं. धड्यातलं वाक्य समोर ठेवून चार अर्थांतून एक निवडायला लावणारा एक तास महिन्यातून एकदा तरी हवा.

या साऱ्यानंतरही एक उणीव राहते आणि ती मला सर्वांत मोठी वाटते. आपल्या मुलांना वाचायला सोपं इंग्रजी नाही. शब्द टिकायचा तर तो दहा-बारा वेळा, वेगवेगळ्या वाक्यांत भेटावा लागतो. वर्षभरासाठी एकच पाठ्यपुस्तक असेल तर तो कुठे भेटणार? जपानमध्ये वेअरिंग आणि ताकाकी यांनी २००३ मध्ये विद्यार्थ्यांना एक छोटं सोपं पुस्तक वाचायला दिलं. त्यात २५ नवे शब्द पेरलेले होते. वाचून होताच विद्यार्थ्यांना सरासरी चार-पाच शब्दांचे अर्थ सांगता आले. तीन महिन्यांनी सरासरी एक शब्दही उरला नव्हता. एका पुस्तकाने काही होत नाही, ढीगभर पुस्तकं लागतात. ढीगभर पुस्तकांनी काय होतं, ते फिजीत दिसलं. तिथल्या ग्रामीण प्राथमिक शाळांत, घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांच्या वर्गांत, वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी २५० गोष्टींची पुस्तकं आणून ठेवली. आठ महिन्यांत या मुलांची इंग्रजी वाचनातली प्रगती इतर वर्गांच्या जवळपास दुप्पट झाली. हा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. ती मुलं काही परदेशातल्या श्रीमंत शाळांतली नव्हती. त्यांतली अनेक ऊस लावायला नेलेल्या भारतीय मजुरांच्या नातवंडा-पतवंडांपैकी होती.

आपल्याकडे आता पुस्तकं नाहीत असं म्हणायला जागा नाही. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून इंग्रजी आणि मराठीतल्या गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. त्या फुकट आहेत, छापून घ्यायची परवानगीही आहे. गावातल्या लोकवर्गणीतून शाळेला टीव्ही येतो, तसा पातळ पुस्तकांचा एक खोकाही येऊ शकतो.

मुख्याध्यापकांना आणि इंग्रजीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या जूनमध्ये रोजचे पाच शब्द दोनवर आणा, आणि ते दोन नेहमीच्या वापरातले निवडा. दोनांनीही दहावीपर्यंत चार हजार होतात, म्हणजे वेस्ट यांच्या यादीच्या दुप्पट. परिपाठात नव्या शब्दांनंतर मागच्या आठवड्यातला एक आणि मागच्या महिन्यातला एक शब्द विचारा, अर्थ न सांगता. शनिवारच्या सकाळच्या शाळेत नवा शब्द देऊ नका. तो वेळ जुन्या चिठ्ठ्यांना आणि गोष्टीच्या पुस्तकाला द्या. गणिताच्या शिक्षकांनी उदाहरणातले अडणारे शब्द इंग्रजीच्या शिक्षकांकडे पोचवावेत, एवढा समन्वय एका शिक्षकखोलीत जमायला हरकत नाही. आणि पालकांनी संध्याकाळी वही हातात घेतली, तर आजचं पान न उघडता दिवाळीपूर्वीचं उघडावं.